मुंबईची घरे आणि सरकारची तीन मापे

घर बांधणे ही खासगी गोष्ट आहे, असे आपण सहज म्हणून जातो. जमीन मालकाची, पैसा मालकाचा. तेव्हा मजले किती चढवावेत हेही त्यानेच ठरवावे. परंतु दाटीच्या शहरात एकाची भिंत वर चढली की दुसऱ्याची खिडकी अंधारते, आणि मग सरकारला मध्ये पडावे लागते. मुंबईत सरकार असे तीन मापे घेऊन मध्ये पडले.

पहिले माप उजेडाचे. १८९६ साली मांडवीत प्लेग उद्भवला आणि कोंदट चाळींकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ह्या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आणला. त्याचा व्यवहारी अर्थ असा की, इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी जागा खिडकीसमोर मोकळी असावी. दादर-माटुंग्याच्या वसाहतींतील हवेशीर घरे ही त्याच धोरणाची फळे होत. पण सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. बेघर झालेले कामकरी लोक शेजारच्या चाळींत शिरले. तेथील दाटी वाढली, भाडीही वाढली. कोन मोजला गेला. माणूस मोजला गेला नाही.

म्हणून दुसरे माप आले ते भाड्याचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडेवाढीला कायद्याने आळा घालण्यात आला. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकिर्दीत सरकार स्वतःच चाळी बांधू लागले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहून काम थांबले. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. ह्या कायद्याने गिरगाव-परळच्या हजारो कुटुंबांचे छप्पर राखले, हे विसरता येत नाही. पण भाडे गोठले तरी चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकाने डागडुजी सोडली, पागडी बोकाळली, आणि जिने कुजू लागले. अखेर १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावे लागले.

तिसरे माप चटईक्षेत्राचे. १९६७ मध्ये मंजूर झालेल्या विकास योजनेने मूळ शहरासाठी १.३३ हा निर्देशांक ठरवला. म्हणजे शंभर चौरस फूट जमिनीवर, सर्व मजले मिळून, १३३ चौरस फूट बांधकाम. १९९१ च्या नियमावलीने हाच आकडा सौद्याची वस्तू केला: जुन्या भाडेकरूला फुकट घर द्यावे आणि त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्यावे. गिरण्यांच्या जमिनींचे मोकळ्या जागा, स्वस्त घरे आणि मालक असे तीन वाटे करण्याचा नियमही त्याच नियमावलीतला. २००१ मध्ये तो बदलून मुख्यतः मोकळ्या जमिनीचीच वाटणी धरली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. लालबाग-परळच्या वाट्याला येणारी मोकळी जागा त्यामुळे आकसली.

ह्या तिसऱ्या मापाचे श्रेय नाकारता येणार नाही. चाळकऱ्याने त्याच जागी परत यावे, ही गोष्ट नियमाच्या पायाशीच धरली गेली. ट्रस्टच्या काळी तसे नव्हते. परंतु पुनर्विकास परवडावा म्हणून इमारतींमधील मोकळ्या अंतरालाही सवलती दिल्या गेल्या. प्लेगने शिकवलेला पहिला धडा येथे पुसला जातो. घर मिळते, पण समोर उंच भिंत येते.

नियम असावेत की नसावेत, हा वाद मुंबईने कधीच मागे टाकला आहे. खरा प्रश्न मापाचा आहे. उजेड, भाडे आणि राहणारा माणूस ही तिन्ही एकाच नकाशावर एकदम मोजली गेली पाहिजेत. एक मोजून दोन सोडली, तर सोडलेल्यांची किंमत भाडेकरूलाच भरावी लागते, हेच ह्या इतिहासावरून दिसते.