जलसा, मजलिस आणि महाडचा मंडप

‘जलसा’ म्हणजे काय, असे वर्गात विचारले की मुले सांगतात, गाणेबजावणे. मूळ अर्थ मात्र साधा आहे: बसणे. अरबीत जीम, लाम, सीन ही या शब्दाची मूळ अक्षरे. त्यांच्यापासूनच ‘मजलिस’ झाला, म्हणजे बसण्याची जागा. जशी सजदा करण्याची जागा ती मस्जिद. फारसीच्या वाटेने हे शब्द आपल्याकडे आले. मराठीत ‘जलसा’ बसणाऱ्यांकडून समोरच्या कार्यक्रमाकडे सरकला. सत्यशोधक जलसे, पुढे आंबेडकरी जलसे याच नावाने गाजले. आपली ‘बैठक’ही तशीच: आसनही आणि सभाही.

पण लोकांना बसायला आधी जागा हवी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेच्या मंडपासाठी कोणी जमीन देईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. त्या मंडपापुढेच २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले.

महाडची हकिगत सांगताना आपण भाषणे आठवतो, जागा देणारा विसरतो. म्हणून ‘मजलिस’ शिकवताना मी फत्तेखानांचे नाव फळ्यावर लिहितो.