सात फुटांचा हिशेब

पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला इंग्लंडातला कालवा आधी लबाड वाटतो. पाणी हलतच नाही! नीरा डाव्या कालव्याला आम्ही उतार दिला नसता, तर टेलच्या शेतकऱ्यांनी आमची वरात काढली असती. इथे पाणी पोचवायचे नसते, पाण्यावरून बोट न्यायची असते. म्हणून कालवा सपाट, आणि जमीन चढली की दोन दरवाजांमध्ये पाण्याची एक पायरी. तिला लॉक म्हणतात.

मुलगी लेस्टरला राहते. तिच्याकडे गेलो की मी फॉक्सटनच्या टेकडीवर जाऊन बसतो. तिथे 10 लॉक आहेत, पाच-पाचच्या दोन माळा, एकूण चढ 75 फूट. खालच्या लॉकचा वरचा दरवाजा तोच वरच्या लॉकचा खालचा. बाजूला तळी खोदली आहेत. लाल झडप उघडली की तळ्यातले पाणी खालच्या लॉकमध्ये येते, पांढरी उघडली की वरच्या लॉकचे पाणी तळ्यात. आधी लाल, मग पांढरी. उलट केले की तळे काठाबाहेर. हे ज्याने बसवले त्याला मनातल्या मनात रामराम केला.

ही लॉक जेमतेम सात फूट रुंद. हे माप आले ती बांधणाऱ्यांच्या आधीच्या पिढीकडून. ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरचा कालवा 1761 साली मँचेस्टरकडे कोळसा नेऊ लागला, तो चांगला रुंद होता. पण त्याच कालव्याच्या अभियंत्याने, जेम्स ब्रिंडलीने, 1766 साली ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडायला घेतल्या, तेव्हा वाटेत हेअरकासलचा डोंगर आला. त्याखालून रुंद बोगदा खणणे परवडणारे नव्हते. मग लॉकही सात फुटांची आणि बोटीही तेवढ्याच, लांबी मात्र सत्तर फूट. ढोबळ हिशेब करून पाहा: सात फूट रुंद, 72 फूट लांब आणि साडेसात फूट उताराचे लॉक रिकामे झाले की लाखभर लीटर पाणी गेले. रुंदी दुप्पट केली की पाणीही दुप्पट. फॉक्सटनवरच्या पठाराला पाणी साठवण तलावांतून द्यावे लागते, त्यामुळे 1814 साली खुल्या झालेल्या या कालव्यावर इथे अरुंद लॉक का बांधली, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गंमत अशी की लेस्टरकडून फॉक्सटनपर्यंतची लॉक रुंद, आणि पठारापलीकडे लंडनच्या वाटेवरचीही रुंद. अडले ते मधल्या दोन ठिकाणी, फॉक्सटन आणि वॉटफर्ड. (हे वॉटफर्ड नॉर्थहॅम्प्टनशायरमधले छोटे गाव, लंडनजवळचे शहर नव्हे.) 1900 साली फॉक्सटनला उतारावर रूळ टाकले आणि रुंद बोटही मावेल अशा पाण्याच्या दोन टाक्या दोराने वर-खाली सरकवणारे वाफेचे यंत्र बसवले. लॉकमधून जायला तासभर लागे, तो चढ यंत्र बारा मिनिटांत पार करी. पण वॉटफर्डची लॉक रुंद केलीच नाहीत. पुढचा दरवाजा अरुंद ठेवून मागे एवढा खर्च! वाहतूक वाढली नाही, वाफ सतत पेटती ठेवायचा कोळसा परवडेना, 1911 मध्ये यंत्र थांबले आणि 1928 साली भंगारात विकले गेले. असली अर्धवट कामे मीही पाहिली आहेत, फक्त त्यांच्यावर पर्यटकांसाठी फलक लागलेला पाहिला नाही.

आज लोक या बोटींवर सुट्टीला येतात आणि जुन्या नावाड्यांच्या संथ आयुष्याबद्दल हळवे होतात. मला ते पटत नाही. रेल्वेने भाडे पाडले तेव्हा घरभाडे आणि गड्याची मजुरी वाचवायला बायकामुले बोटीवर आली. मागची केबिन दहा फुटांची, त्यात चूल, बिछाना आणि संसार. बाकी सगळी बोट कोळशाला. दारावर गुलाब आणि किल्ले रंगवले खरे, पण 1877 मध्ये एका केबिनीत किती माणसे झोपावीत यासाठी कायदा करावा लागला. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला धंदाही बहुतेक संपला. तोवर एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ 1944 मध्ये येऊन गेले होते आणि 1946 साली कालवे वाचवणारी संस्थाही उभी राहिली होती.

तरी जावयाने बोट भाड्याने घेतली तेव्हा मी नाही म्हटले नाही. तो सुकाणूवर, आणि मी झडपा उघडायचे लोखंडी हँडल घेऊन काठाने पायी पुढे. ताशी चार मैलांची मर्यादा, त्यामुळे पुढचे लॉक तयार करून वर चहाही होतो. आयुष्यभर क्युसेक कागदावर मोजले. इथे दरवाजाच्या लांब दांडीला पाठ लावून रेटले तरी दोन्हीकडचे पाणी समान होईपर्यंत तो ढिम्म हलत नाही, आणि समान झाले की म्हाताऱ्यालाही उघडतो.

वॉटफर्डची लॉक अजून सात फुटांचीच आहेत. लेस्टरकडच्या कुणाला रुंद बोट दक्षिणेला न्यायची असेल, तर ती क्रेनने उचलून ट्रकवर चढवावी लागते.