मोटारीचा ऑइल फिल्टर : 'योग्य' सुट्या भागाच्या कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात इंजिनाला जे स्थान मिळाले, ते त्याच्या सुट्या भागांना क्वचितच लाभले. ऑइल फिल्टर हा ठरावीक अंतरानंतर काढून टाकावयाचा व त्याजागी नवा बसवावयाचा भाग होय. त्यामुळे 'आपल्या गाडीला योग्य फिल्टर कोणता?' हा प्रश्न मोटारमालकापुढे वारंवार उभा राहतो. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी निवडीसाठी लागणारे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

१. आरंभीचा काळ

१९०८ ते १९२७ या काळात निर्माण झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत तेलाचा पंपही नव्हता आणि फिल्टरही नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेले तेल इंजिनभर पसरे; ते मळले की बदलणे एवढाच उपाय होता. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड व जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी 'प्युरोलेटर' हा फिल्टर पुढे आणला. 'प्युअर ऑइल लेटर' या इंग्रजी शब्दांवरून हे नाव तयार झाले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत त्याचा वापर झाला.

सुरुवातीचे फिल्टर तेलाच्या प्रवाहाचा केवळ काही भाग गाळत असत. असा फिल्टर तुंबला, तरी मुख्य प्रवाह चालू राही. पुढे बेअरिंगकडे जाणारे सर्व तेल फिल्टरमधून नेण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हापासून फिल्टरची निवड ही इंजिनाच्या आयुष्याशी थेट जोडली गेली.

२. बंद डबा आणि अदृश्य फरक

पूर्वी धातूच्या वाटीतील गाळणीचा भाग तेवढा बदलला जाई. तो हाताळून, डोळ्यांनी पारखता येत असे. १९५० च्या दशकात आट्यांवर फिरवून बसवावयाचा बंद डबा आला. काम सोपे व स्वच्छ झाले, परंतु आतील रचना दृष्टीआड गेली. पारखणाऱ्या डोळ्याची जागा डब्यावरील क्रमांकाने घेतली.

याचे परिणाम दूरगामी होते. पाऊण इंच व्यासाचे, इंचाला सोळा आटे असलेले माप आणि २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे माप दिसायला जवळजवळ सारखेच असते. मात्र ते परस्परांना चालत नाही. आटे जुळले तरी प्रश्न सुटत नाही. फिल्टर तुंबल्यास किंवा थंडीत तेल घट्ट झाल्यास न गाळलेले का होईना, पण तेल इंजिनाला मिळावे म्हणून बायपास व्हॉल्व्ह असतो. तो किती दाबावर उघडावा, हे इंजिनानुसार ठरते. शेव्हरोलेच्या काही जुन्या व्ही-८ इंजिनांत तो फिल्टरमध्ये नसून इंजिनाच्या ब्लॉकवरच असे. तसा फिल्टर दुसऱ्या इंजिनाला आट्यांवर नीट बसला, तरी तुंबल्यावर तेल अडवू शकतो. इंजिन बंद असताना तेल परत वाहून जाऊ न देणारा व्हॉल्व्ह आडव्या वा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये विशेष महत्त्वाचा असतो. थोडक्यात, 'बसतो तो योग्य' हा समज या डब्याने खोटा ठरवला.

३. भारतीय संदर्भ

भारतीय रस्त्यांवर दोन परंपरा एकत्र नांदल्या. १९५७ पासूनची अँबॅसडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित होती. तर १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चे इंजिन जपानच्या सुझुकीचे होते. इंचाची व मिलिमीटरची मापे त्यामुळे एकाच बाजारात आली आणि मेकॅनिकचे अनुभवसिद्ध ज्ञान मोलाचे ठरले.

हे ज्ञान व सुटे भाग खुले असावेत काय, हा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत गेला. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने विशिष्ट ब्रँडचाच भाग वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यावर सर्वसाधारणपणे बंदी घातली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करावेत आणि अशा गॅरेजची सेवा घेतली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असे त्यात म्हटले होते. या आदेशाला नंतर आव्हानेही दिली गेली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाचे पोर्टल सुरू केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, फिल्टर बसवणे जसजसे सोपे होत गेले, तसतसे तो निवडण्याचे ज्ञान वापरणाऱ्यापासून दूर गेले. म्हणून इंजिनाचा नेमका प्रकार व उत्पादकाची पुस्तिका यांवरून क्रमांक निश्चित करावा. पर्यायी फिल्टर घेताना आटे, रबरी गॅस्केटचा व्यास, बायपास व्हॉल्व्हचा दाब आणि गाळण्याची क्षमता या चारही बाबी ताडून पाहाव्यात. क्षमतेच्या चाचणीसाठी आयएसओ ४५४८ ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे. उत्पादकाचे नाव नसलेला फिल्टर केवळ त्या कारणाने अयोग्य ठरत नाही आणि केवळ आटे जुळल्याने योग्यही ठरत नाही. हा भेद ग्राहकाला करता यावा, एवढी माहिती डब्यावर व पुस्तिकेत छापलेली असणे हा त्याच्या हक्काचाच भाग मानला पाहिजे.