वेगाची साक्ष

चोरीचा माल जप्त करून कोर्टापुढे ठेवता येतो. गाडी थांबली की वेग संपतो. तो सिद्ध कसा करायचा? आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८३व्या कलमात याचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराचं मूळ इंग्लंडात सापडतं.

१८९६ साली केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्डनं ताशी ८ मैल वेगानं मोटार हाकली. मर्यादा २ मैलांची. शिपायानं सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग. पुढे १९०३च्या कायद्यानं मर्यादा २० मैलांवर नेली आणि सोबत एक अट घातली: ही मर्यादा ओलांडल्याबद्दल केवळ एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी ठरवायचं नाही. त्या कायद्यातली मला सर्वांत शहाणी वाटते ती ही अट. धुरळा उडवत, धडधडत जाणारी मोटार कडेला उभ्या माणसाला आहे त्याहून वेगवान भासणारच.

मग पोलीस स्टॉपवॉच घेऊन कुंपणाआड दबा धरू लागले. चालकांना सावध करायला १९०५मध्ये ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ उभी राहिली. वेगात येणाऱ्यांना असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असा निकाल १९१०मध्ये ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ खटल्यात लागला.

खरा पेच १९५०च्या ‘निकोलस विरुद्ध पेनी’मध्ये आला. एकटा पोलीस गाडीमागे ठरावीक अंतर राखून गेला आणि त्यानं स्वतःच्या गाडीचा स्पीडोमीटर वाचला. साक्षीदार एकच, पण काट्यानं दाखवलेला आकडा हे नुसतं मत नव्हे, असं न्यायालयानं मानलं. काटा तपासलेला असल्याचा पुरावा नसला तरी शिक्षा देता येते, हेही मानलं. इथे मला आरोपीची बाजू उघडी पडल्यासारखी वाटते. तो काटा पारखायचं साधन त्याच्या हाती कुठे होतं?

भारतात यंत्राची सवलत १९३९च्या कायद्यातच लिहिली गेली: मत यांत्रिक साधनाच्या मोजणीवर आधारलेलं असेल तर एक साक्षीदार चालेल. १९८८च्या कायद्यात, म्हणजे आजच्या १८३व्या कलमात, ती तशीच आली, २०१९मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांची भर पडली. काट्याच्या पारखीचा प्रश्न मात्र २०२१च्या १६७-अ नियमानं हाती घेतला. कॅमेऱ्याला मान्यता प्रमाणपत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, रस्त्यावर इशाऱ्याची पाटी हवी, आणि चलानासोबत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचं ई-चलान ज्याला कोर्टात लढवायचं असेल, त्यानं आधी त्या प्रमाणपत्राची तारीख मागावी.