गिधाडाच्या फोटोमागची गोष्ट

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. दुष्काळातली मरायला टेकलेली मुलगी, मागे टपलेलं गिधाड, फोटोग्राफरला पुलित्झर. मग कुणीतरी त्याला विचारतं, गिधाडं किती होती? तो म्हणतो, एक. नाही, दोन, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता! हे ऐकून पठ्ठ्या जीव देतो. मे २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांच्या सुनावणीत सॉलिसिटर जनरलनी हाच किस्सा चक्क सुप्रीम कोर्टात ऐकवला होता.

आता हा संवाद झाल्याचा काही पुरावा नाही. अमेरिकेतल्या एका पेपरने त्याला गिधाड म्हटलं होतं, एवढं मात्र खरं.

केविन कार्टर हा जोहान्सबर्गचा, जन्म १९६०. १९८३ मध्ये वीकेंडला खेळांचे फोटो काढायचा, पुढच्या वर्षी 'द स्टार'मध्ये लागला. काळ वर्णभेदाचा. गळ्यात पेटतं टायर अडकवून माणूस मारतात, तेही त्याने कॅमेऱ्यात टिपलं. १९९० मध्ये मंडेला सुटले, पण काळ्यांच्या वस्त्यांत एएनसी आणि इंकाथाच्या कत्तली चालूच होत्या. कार्टर, केन ऊस्टरब्रोक, ग्रेग मारिनोविच आणि जोआव सिल्वा पहाटेच तिकडे निघायचे. लोक त्यांना 'बँग-बँग क्लब' म्हणू लागले.

मार्च १९९३ मध्ये तो सिल्वाबरोबर यूएनच्या विमानाने दक्षिण सुदानमधल्या आयोदला गेला. तिथे तो फोटो. गिधाड पंख पसरेल म्हणून तो वीसेक मिनिटं थांबला, हे त्यानेच सांगितलंय. (हे मला अजून पचत नाही.) मग त्याने गिधाडाला हाकललं आणि झाडाखाली बसून रडला. २६ मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने फोटो छापला. मुलीचं पुढे काय झालं, असं इतक्या वाचकांनी विचारलं की संपादकांना चार दिवसांनी खुलासा करावा लागला.

फोटोत मुलाच्या मनगटावर एक पट्टी दिसते. म्हणजे मदत केंद्रात नोंद झालेली होती. आपण लॉग न बघताच बग फाइल करतो ना, तसं झालं सगळं! २०११ मध्ये 'एल मुंदो' या स्पॅनिश पेपरचा पत्रकार त्या गावी गेला. ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता. वडिलांनी सांगितलं, दुष्काळातून तो वाचला. तापाने गेला तो चारेक वर्षांपूर्वी.

कार्टरला पुलित्झर जाहीर झालं १२ एप्रिल १९९४ ला. सहाच दिवसांनी थोकोझात गोळीबार झाला. ऊस्टरब्रोक गेला, मारिनोविच जखमी. कार्टर त्या दुपारी तिथे नव्हता. २७ जुलैला त्याने जीव दिला, वय ३३. चिठ्ठीत थकलेलं भाडं आहे, कर्ज आहे, डोळ्यांसमोरून न हटणारी प्रेतं आहेत, उपाशी आणि जखमी मुलं आहेत. आणि केन आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामांनी अंगठा दाखवला आणि खाली गुलाबाचं फूल, शुभ सकाळ.