डाव्या फेऱ्याची कुळकथा

छोटी विमाने विमानतळाजवळ एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जगभर पाळला जाणारा जुना उपाय म्हणजे धावपट्टीभोवतीचा ठरावीक आयताकृती फेरा. वैमानिक त्याला सर्किट म्हणतात. उड्डाणानंतर सरळ चढायचे, डावीकडे वळून धावपट्टीला काटकोनात क्रॉसविंड, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने डाउनविंड, मग धावपट्टीकडे वळून बेस आणि शेवटी उतरण्यासाठी फायनल. सगळी वळणे डावी. उंची सहसा जमिनीपासून 1,000 फूट.

विमानांची पहिली टक्कर 1910 च्या ऑक्टोबरात इटलीतल्या मिलानमध्ये झाली. दोन्ही वैमानिक, रेने तोमा आणि बर्ट्रम डिक्सन, वाचले. 1919 च्या पॅरिस करारात हवेतल्या वाहतुकीचे नियम आले, आणि ते बरेचसे समुद्रावरून उचललेले होते. डाव्या टोकाला तांबडा दिवा, उजव्याला हिरवा. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचे. वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा असेल त्याने वाट द्यायची. 1944 च्या शिकागो करारावर भारताचीही सही आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात वेगळी सूचना नसल्यास विमानतळाजवळ डावीकडेच वळावे असा नियम आहे. आज शेजारी-शेजारी आसने असलेल्या बहुतेक विमानांत मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, त्यामुळे या फेऱ्यात धावपट्टी त्याच्या खिडकीतून दिसत राहते.

फेऱ्याचा खरा फायदा मात्र दुसऱ्याला होतो. समोरचा कुठे असणार हे आधीच ठाऊक असेल तर कुठे पाहायचे ते कळते. उघड्या आभाळात डोळा फार कमी पडतो. टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. ते सरकत नाही, म्हणून नजर त्याच्यावर पडत नाही. शेवटच्या काही सेकंदांत मात्र ते झपाट्याने मोठे होते. धोका दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे 12.5 सेकंद लागतात असे अमेरिकी विमान प्रशासन धरते. 90 नॉटने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधले अंतर तेवढ्या वेळात एक किलोमीटरहून जास्त घटते. त्यात विमानाचा पंखही आड येतो. सेसना 152 किंवा 172 या छोट्या विमानांचा पंख वर असल्याने वळताना तो खाली झुकून जिकडे जायचे तीच दिशा झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख किंचित उचलून त्या बाजूला पाहण्याची सवय शिकाऊ वैमानिकाला लावतात. ज्या विमानाचा पंख खाली असतो त्याच्या वैमानिकाला पोटाखालचे दिसत नाही. असे विमान वर आणि सेसना खाली, दोघेही फायनलवर, ही सगळ्यांत घातक जोडी.

गर्दीच्या विमानतळाजवळ नुसता डोळा पुरत नाही, हा धडा फार महागात मिळाला. 25 सप्टेंबर 1978 रोजी सॅन दिएगोत बोइंग 727 च्या वैमानिकांना समोरच्या सेसनाची सूचना मिळाली होती. ते विमान त्यांच्या नजरेतून निसटले, टक्कर झाली आणि 144 जण गेले. 1986 मध्ये अमेरिकेतल्याच सेरिटोसला एक छोटे पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरले आणि प्रवासी विमानाला धडकले. त्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारे यंत्र, उंची कळवत नव्हता. 82 जणांचा बळी गेल्यावर अमेरिकेत प्रवासी विमानांवर टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली. भारतात ती सक्ती 12 नोव्हेंबर 1996 च्या चरखी दादरीच्या टकरीनंतर आली. तिथे 349 मेले. ही यंत्रणा समोरच्या ट्रान्सपॉन्डरकडून उत्तर मागते. तो बंद असला, तर तिला काहीच दिसत नाही.

या फेऱ्याची उंची समजून घ्यायला नांदेड आणि लातूर ही चांगली जोडी आहे. उंचीमापक समुद्रसपाटीच्या दाबावर लावला, तर नांदेडची धावपट्टी सुमारे 1,250 फुटांवर आणि लातूरची सुमारे 2,080 फुटांवर येते. म्हणजे नांदेडचा फेरा 2,250 फुटांवर, लातूरचा जवळपास 3,100 वर. नांदेडचा आकडा डोक्यात ठेवून कुणी लातूरला आला, तर तो जमिनीपासून जेमतेम 170 फुटांवर उडेल. एकाच फेऱ्यातल्या दोघांनी वेगवेगळे दाब लावले असतील, तर दोघांचे काटे सारखे दिसूनही विमाने वेगळ्या उंचीवर असतात, आणि काटे वेगळे दिसूनही एका उंचीवर येऊ शकतात.

2008 च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्यासाठी नांदेडचा विमानतळ वाढवला गेला आणि एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेत हैदराबादची सेवा सुरू झाली. 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत महाराष्ट्रातले जळगाव आणि कर्नाटकातले कलबुर्गी होते. शिकाऊ विमाने मोठ्या शहरांपासून दूर नेण्याची ही वाट योग्यच आहे, पण त्यामुळे प्रवासी विमान आणि सेसना एकाच छोट्या धावपट्टीवर भेटतात. प्रवासी जेट सहसा फेरा न घालता थेट फायनलवर येते, सुमारे 130 नॉटने. सेसना त्याच्या निम्म्या वेगाने. मग सेसनाने डाउनविंड लांबवायचे, रेडिओवर जागा आणि उंची सांगायची, जेट डोळ्यांनी ओळखल्यावरच बेसला वळायचे. जेटच्या पंखामागे उठणाऱ्या भोवऱ्यांसाठी हलक्या विमानाला तीन मिनिटांचे अंतर ठेवावे लागते.