‘ब्लू स्टोरी’ मुलांना दाखवावी का? पोरांच्या टोळ्यांचे सिनेमे आणि आपलं घर

काही दिवसांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या अम्मी शाळेत भेटायला आल्या. अभ्यासाची तक्रार नव्हती, हजेरीचीही नाही. प्रश्न एकच होता. "तो लंडनच्या पोरांच्या टोळ्यांचा पिक्चर आहे ना, ‘ब्लू स्टोरी’, तो त्याला बघायचाय. मामेभावाने डोक्यात भरवलंय. बघू द्यावा का?" आम्ही तेव्हा ‘बघून सांगतो’ एवढंच म्हणालो. मग तो सिनेमा घरी दोनदा पाहिला, एकदा नुसता बघायचा म्हणून आणि एकदा वही घेऊन. असा प्रश्न पडणारे वालिदैन ते एकटेच नसणार, म्हणून जे समजलं ते इथे मांडतो.

सिनेमा काय आहे

‘ब्लू स्टोरी’ हा 2019 चा ब्रिटिश सिनेमा. लिहिला आणि दिग्दर्शित केला अँड्र्यू ओन्वुबोलू यांनी, लोक त्यांना ‘रॅपमॅन’ या नावाने ओळखतात. याच नावाची मालिका त्यांनी आधी यूट्यूबवर केली होती, सिनेमा त्यातूनच वाढला. बीबीसी फिल्म्सचा त्यात सहभाग होता.

गोष्ट दक्षिण लंडनमधली. टिमी हा डेप्टफर्डचा लाजाळू, हुशार मुलगा. शाळा मात्र पेकहॅममध्ये. तिथे त्याची मार्कोशी दोस्ती होते. मार्को तिथलाच, बिनधास्त, आणि त्याचा मोठा भाऊ पेकहॅमच्या टोळीत. दोन्ही भागांतल्या पोरांचं वैर जुनं आहे. लंडनमध्ये याला ‘पोस्टकोड वॉर’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत पिनकोडवरून मारामारी. तू कोणत्या भागात राहतोस यावरून तू कोणाचा दुश्मन हे ठरतं, बाकी कारण लागत नाही. पुढे टिमीचाच एक लहानपणचा मित्र मार्कोला मारहाण करतो आणि जिवलग दोस्त समोरासमोरच्या टोळ्यांत जाऊन पडतात. टिमीची भूमिका स्टीफन ओडुबोला याने केली आहे, मार्कोची मायकल वॉर्डने. वॉर्डला 2020 मध्ये बाफ्टाचा उगवत्या कलावंताचा पुरस्कार मिळाला.

रॅपमॅन स्वतः मधूनमधून पडद्यावर येतात आणि घडलेलं, घडणारं रॅपमध्ये सांगतात. आपल्या नाटकातल्या सूत्रधारासारखं. हे आम्हाला महत्त्वाचं वाटलं. बघणारा मुलगा मारामारीत वाहून जायला लागला की हा माणूस येतो आणि गोष्ट थांबवून तिचा हिशेब मांडतो. अर्थात रॅपचा ठेका मुलांना खेचतो हेही खरं. सिनेमा संपल्यावर ध्यानात काय राहील, हिशेब की ठेका, हे मुलावर अवलंबून आहे.

बर्मिंगहॅमची ती रात्र

सिनेमा ब्रिटनमध्ये 22 नोव्हेंबर 2019 ला लागला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बर्मिंगहॅमच्या स्टार सिटी संकुलातल्या थिएटरच्या आवारात तरुणांची मोठी हाणामारी झाली. मोठे सुरे निघाले, पोलीस जखमी झाले. पाच किशोरवयीन पकडले गेले, त्यात 13 वर्षांची एक मुलगी होती. त्याच आवारात लहान मुलांना घेऊन ‘फ्रोझन 2’ बघायला आलेली कुटुंबं रांगेत उभी होती. व्ह्यू या कंपनीने लगेच आपल्या सगळ्या थिएटरांतून ‘ब्लू स्टोरी’ काढला, शोकेस कंपनीनेही तेच केलं. मग गदारोळ झाला. काळ्या तरुणांविषयीचा सिनेमा म्हणून त्याला वेगळा न्याय लावला का, असा सवाल विचारला गेला. काही दिवसांनी जास्त सुरक्षेसह तो परत लागला.

आम्ही हे सविस्तर सांगतोय कारण आपल्याकडच्या चर्चेत या घटनेचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. एक जण म्हणतो, बघा, सिनेमामुळे सुरे निघाले. दुसरा म्हणतो, सिनेमाचा काही संबंधच नाही. घटनेवरून एवढंच दिसतं की भांडायला आलेली पोरं घरून सुरे घेऊन आली होती. सुरा सिनेमा बघितल्यावर कोणी विकत घेतला नाही. म्हणून मुलाने सिनेमा बघावा की नाही याचं उत्तर बर्मिंगहॅममध्ये शोधू नये, सिनेमात शोधावं.

वयाचा आकडा काय सांगतो

ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशनने ‘ब्लू स्टोरी’ला ‘15’ दिला. तिथे याचा अर्थ पक्का असतो: 15 वर्षांखालच्या मुलाला थिएटरमध्ये घेतच नाहीत, सोबत आई-बाप असले तरी. आपल्याकडे ‘यूए’ वेगळं आहे. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानंतर यूएचे तीन भाग झाले, 7+, 13+ आणि 16+. पण ते पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, त्या वयाखालच्या मुलाला दारातून परत पाठवत नाहीत. परत पाठवायचं ते फक्त ‘ए’ला. म्हणजे ब्रिटनमध्ये जे काम दरवानाचं आहे ते आपल्याकडे कायद्याने अब्बू-अम्मीवर टाकलंय. घरात बघायच्या प्लॅटफॉर्मवर 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच वर्ग ठरवते आणि सुरुवातीला हिंसा, भाषा, नशा असं काय आहे ते दाखवते. ती ओळ दोन-चार सेकंदांत निघून जाते. आम्ही तरी आजवर कोणाच्या घरी ती वाचताना कोणाला पाहिलेलं नाही.

आणखी एक गैरसमज वारंवार दिसतो. सिनेमात मुलं आहेत म्हणजे तो मुलांसाठी आहे. 2025 ची ‘अ‍ॅडोलसन्स’ ही चार भागांची मालिका घ्या. तिच्यातला आरोपी मुलगा 13 वर्षांचा, पण ब्रिटनमध्ये तिचं सर्टिफिकेट 15 चं. ब्राझीलचा ‘सिटी ऑफ गॉड’ (2002) तर रिओच्या वस्तीतल्या अगदी लहान पोरांभोवती फिरतो. त्यात छोट्या मुलांवर पिस्तूल रोखून, हातावर गोळी हवी की पायावर, असं विचारणारा प्रसंग आहे. तो सिनेमा तिथे 18 चा आहे. सिनेमा म्हणून फार मोठा, पण आमच्या मते शाळेत असेपर्यंत नकोच.

आकड्याच्या पुढे काय बघायचं

हाबील आणि काबीलचा किस्सा आपण घरात मुलांना सांगतो. मदरशात तर सांगतातच. त्यातही खून आहे, तोही भावाने भावाचा. पण सूरह माइदामध्ये तो किस्सा कसा येतो ते आठवून बघा. आधी हसद कशी शिरली ते आहे, एका भावाने हात उचलायला दिलेला नकार आहे, नंतर कावळ्याकडून मय्यत दफन करायला शिकणं आणि पस्तावा आहे. खून कशाने केला, कसा केला, याचा एका शब्दाने तपशील नाही. सिनेमाची बरोबरी त्याच्याशी करायची नाही, पण मोजायची पट्टी यातून मिळते. गुन्ह्याच्या आधी किती वेळ दिलाय, गुन्ह्याला किती आणि नंतर किती?

या पट्टीने ‘ब्लू स्टोरी’ बरी उतरते. सुरुवातीचा बराच भाग शाळा, थट्टामस्करी, पहिलं प्रेम यांत जातो. दोस्ती खरी वाटते, म्हणून तुटते तेव्हा लागते. सूडाच्या आगीत ज्यांचा काही संबंध नाही अशांचेही जीव जातात आणि शेवटी कोणाच्याही हाती काही लागत नाही. टोळीत गेल्यावर गाड्या, पैसा, चैन अशी जी चमक हिंदी सिनेमातला ‘भाई’ दाखवतो ती इथे जवळपास नाही. पोरं जिन्यात, गल्लीत, घाबरलेली दिसतात.

आता उणी बाजू. शिव्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत आणि सबटायटलमुळे त्या वाचायलाही मिळतात. चाकू-पिस्तुलाची हिंसा आहे. शारीरिक संबंधाचाही प्रसंग आहे. आपल्या घरात मारामारीपेक्षा हाच मोठा अडसर ठरेल, आणि तो ठरला तर त्यात जुनाटपणा काही नाही. हया ही आपल्या तरबियतचा भाग आहे. अब्बू शेजारी बसलेत आणि पडद्यावर ते चाललंय, अशा वेळी पंधरा वर्षांचा मुलगा काहीही शिकत नाही, फक्त जमिनीकडे बघतो. म्हणून मोठ्यांनी आधी एकट्याने बघावा, कोणत्या मिनिटाला काय आहे ते लिहून ठेवावं आणि तो भाग सरळ पुढे ढकलावा.

आणि हत्यार. ब्रिटिश बोर्ड सर्टिफिकेट देताना सहज हाती लागणाऱ्या हत्यारांकडे वेगळं लक्ष देतं. कारण उघड आहे, पिस्तूल मिळवावं लागतं, सुरी प्रत्येक स्वयंपाकघरात असते. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द 2022-23 पासून पेपरात येतोय, त्या बातम्यांत अल्पवयीन पोरं वारंवार असतात. ऊस तोडायचं, नारळ सोलायचं कोयता हे अवजार. तलवारीने वाढदिवसाचा केक कापून रील टाकणारे आणि मग पोलीस ठाण्यात कान धरून उभे राहणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. असं काही ज्याच्या फोनमध्ये आधीच भरलंय त्या मुलाला हा सिनेमा आत्ता नको. आधी फोनबद्दल बोलावं.

आपल्या मुलांचा एक वेगळा प्रश्न

रॅपमॅन यांनी स्वतःच्या लहानपणातलं काही या गोष्टीत घातलंय. आतल्या माणसाने आतलं सांगितलंय. तरीही त्यांच्या समाजातल्या अनेकांना वाटलं, पुन्हा आमची पोरं पडद्यावर सुऱ्यासहच का? ही सल आपल्याला सांगायला नको. मुंबईच्या अंडरवर्ल्डवरचे किती सिनेमे आले आणि त्यांतल्या भाईंची नावं काय होती, आठवून बघा. बारा वर्षांच्या मुलाला पडद्यावर आपल्या नावाचा माणूस दिसतो तो एकतर मार खाणारा किंवा मारणारा. यातून दोन गोष्टी होतात. काही मुलं मान खाली घालतात. काहींना मात्र त्यात रुबाब दिसतो, ‘आपल्याला घाबरतात’ असं वाटतं. दुसरा प्रकार आम्हाला जास्त काळजीचा वाटतो, कारण घरात तो लवकर कळत नाही. मुलगा फक्त केस वेगळे कापायला लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावात ‘गँग’ येतं.

म्हणून मुलासोबत बघताना आम्ही एक प्रश्न नक्की विचारू: टिमी ‘नाही’ कुठे म्हणू शकला असता? मुलं पटकन शेवटचा प्रसंग सांगतात. मग मागे मागे जात राहायचं. शेवटच्या वेळी उशीर झालेला होता, त्याच्या आधी? त्याच्याही आधी? शाळेच्या बाहेर उभं राहण्यापर्यंत येतात तेव्हा बोलणं त्यांच्या स्वतःच्या शाळेबाहेरच्या टपरीवर आपोआप पोचतं.

कायद्याचीही दोन वाक्यं सांगावीत, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलाने किमान सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करतं आणि त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. ‘आपण लहान आहोत, काय होतंय’ हे टोळीतला मोठा भाईच पोराला सांगत असतो. त्याच कायद्यात मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्यांसाठी सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. ते तो भाई सांगत नाही.

मग दाखवावी का

त्या अम्मींना आम्ही दिलेलं उत्तर असं: मुलगा चौदाचा आहे, आत्ता नको. दहावीची परीक्षा होऊ द्या, मग अब्बूंसोबत किंवा मामूंसोबत, आधी मोठ्यांनी बघून, दिवसा. रात्री नको, कारण सिनेमानंतर बोलायला तासभर हवा आणि रात्री सगळे पेंगतात. धाकटा भाऊ घरात असेल तर त्याची वेगळी सोय करावी. शेजारच्या खोलीतून त्याला फक्त आवाज ऐकू येतो, गोष्ट नाही, आणि ते जास्त वाईट.

त्यांनी विचारलं, मग तोवर काय? आम्ही नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) सुचवला. नागपूरच्या झोपडपट्टीतली, चोऱ्यामाऱ्या करणारी पोरं आणि त्यांना फुटबॉल देणारे प्रशिक्षक, अमिताभ बच्चन यांनी ती भूमिका केली आहे. विजय बारसे यांच्या खऱ्या कामावरून तो बेतलाय. नशा, भांडणं त्यातही आहेत, म्हणून तोही सोबत बसूनच. पण त्यातल्या पोरांना निदान एक दार उघडं दिसतं, आणि चौदाव्या वर्षी ते दिसणं बरं.

राहिला टीव्हीच्या लॉकचा प्रश्न. आयटी नियमांनुसार यूए 13+ आणि त्यापुढच्या वर्गांसाठी प्लॅटफॉर्मनी पालकांना कुलपाची सोय द्यायची असते. सेटिंगमध्ये मुलासाठी वेगळं प्रोफाइल करून वय टाकता येतं आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. फक्त तो पिन अब्बूंच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवू नका. घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही तो नंबर पाठ असतो.